विहिरीत सोडलेलं पातेलं

मला दिवे करायला कुणी शिकवलं नाही, हे आधीच सांगते. पहिली मोठी एलईडी मी थेट बॅटरीला जोडली आणि ती डोळ्यांदेखत जळाली. मग कळलं, मध्ये विजेला आवर घालणारा ड्रायव्हर लागतो आणि मागे गरमी ओढून घ्यायला ॲल्युमिनियम. म्हणून दुसरी एलईडी मी दुधाच्या पातेल्याच्या बुडालाच बसवली. बॅटरी स्कूटरची.

त्याच आठवड्यात करकंबला दिरांची गाभण शेळी पडीक विहिरीत पडली. भर दुपारीही आत काळोख. शेळीचं ओरडणं ऐकू येई, पण तळ न बघता उतरणार कोण?

मी लांब वायर जोडून पातेलं दोराला बांधलं. दीर म्हणाले, "वैनी, शेळीला च्या करताय व्हय?"

"गुमान दोर धरा, भावजी."

दिवा खाली गेला आणि सगळे काठावर वाकले. मीसुद्धा. घडीव दगडाच्या कमानी, कोनाड्याकोनाड्यांत पारवे, आणि तळाशी कोरड्या गाळात उभी शेळी, वर बघत.

गडी उतरला, शेळी वर आली. दीर मात्र काठावर वाकलेलेच. "वैनी, आजून थोडा वेळ ऱ्हाऊ द्या की दिवा."

"भावजी, शेळी मिळाली."

"व्हय. पण जन्म हितं गेला, ही विहीर कुटं बघितली हुती?"