डब्याच्या आतली वाटणी

सोलापुरातल्या कॉम्प्युटरच्या दुकानात इंद्रायणी मॅडमचा प्रिंटर केव्हाच दुरुस्त झाला होता, तरी शेजारचं बोलणं ऐकत त्या उठेनात. शेजारी माळशिरसचे जोतीराम आणि त्यांची बायको गोजरबाई बसले होते. त्यांच्या कॉम्प्युटरवर दुकानदार विंडोज टाकत होता.

"काका, डिस्कचं पार्टिशन करू का?"

"म्हंजे?"

"वाटणी म्हणा की. एकाचे दोन भाग."

"वाटणी? आमी तिघं भाऊ एका चुलीवर जेवतो! ते नावबी काडू नका."

"अहो, ही कॉम्प्युटरच्या डब्याच्या आतली वाटणी."

"सुरुवात आतनंच हुती!"

"बरं, सगळं एकत्रच ठेवतो."

"व्हय. एकत्रच."

फोन वाजला तसे जोतीराम बाहेर गेले. गोजरबाई खुर्ची पुढं ओढून बसल्या.

"दादा, ती वाटणी कुटलं बटण दाबल्यावर हुती?"