गांधीलमाश्या आणि मानपान

सासरे : छे छे, आधी तुम्ही. तुम्ही पाहुणे.

वडील : भलतंच काय! बाग तुमची, ही अवजारांची खोली तुमची, दारावरचं पोळंही तुमचंच. मानाने आधी तुम्हीच बाहेर पडायचं.

सासरे : व्याह्यांना मागे ठेवून मुलाचा बाप पुढे पळाला, असं उद्या कुणी म्हणायला नको.

वडील : आणि मुलीच्या बापाने व्याह्यांना माश्यांच्या तोंडी दिलं, असं म्हटलेलं चालेल?

सून : (खिडकीच्या जाळीपलीकडून) कुणीच पुढे जायचं नाही! आहात तिथेच उभे राहा. अप्पा, आधी ते मशीन बंद करा.

सासरे : बंदच आहे गं. एकदाच चालू करून दाखवलं. गवत कापायचं मशीन, माझ्या हातांनी जोडलेलं. तुझ्या बाबांना त्याचा आवाज तरी ऐकवायला नको?

सून : बाबांबरोबर गांधीलमाश्यांनीही ऐकला. त्या धडधडीनेच पिसाळल्यात. पोळं लिंबाएवढं होतं तेव्हाच मी म्हटलं होतं, काढणाऱ्या माणसाला बोलवू.

सासरे : लिंबाएवढ्या गोष्टीला कोण माणूस बोलावतं?

सून : आता नारळाएवढं झालंय.

सासरे : हो, बाळसं धरलंय खरं. खातंपितं घर आहे आपलं.

वडील : अहो, हसवू नका. एक माझ्या ग्लासावर बसलीये.

सासरे : मग संपवा की ते सरबत. मघापासून तसंच धरून उभे आहात.

वडील : नको, पोट भरलं.

सासरे : असं कसं? अर्धा ग्लास आहे. माझ्या आग्रहाखातर.

वडील : बरं, तुमचा मान म्हणून घेतो...

सून : बाबा! आत बघितल्याशिवाय तोंडाला लावू नका!

वडील : अगं आई गं. आहे एक आत. पोहतेय.

सासरे : चमच्याने काढू का?

सून : काही काढू नका! ग्लास हळूच खाली ठेवा, वर पुठ्ठा झाका आणि लांब व्हा. आणि अप्पा, हात झटकू नका. हात हलवला की त्यांना वाटतं, मारायलाच उठला.

सासरे : मग काय करू? ही कानापाशीच घुटमळतेय. दुसरा कान रिकामा असून!

सून : अत्तर लावलंय ना?

सासरे : व्याही येणार म्हणून थोडंसं.

सून : थोडंसं? मला इथपर्यंत येतोय वास. त्यांना वाटत असेल, बागच आत आली. ते जाऊ दे. मागचं दार उघडा आणि दोघं तिकडून बाहेर या.

सासरे : मागचं दार ना... ते गंजलंय.

सून : परवाच तर तुम्ही बिजागऱ्यांना तेल घातलंत!

सासरे : तेच तेल गंजलं असेल.

सून : अप्पा!

सासरे : अगं, थांबू की थोडा वेळ. होतील आपोआप शांत. काय व्याहीबुवा? घाम फुटलाय तुम्हाला. घाबरलात की काय? चावली एखादी तर काय होणार आहे? दोन दिवस गाल फुगेल, तब्येत सुधारली म्हणतील लोक.

वडील : घाबरतोय कसला! उकडतंय जरा.

सून : बाबा, सांगा त्यांना.

वडील : काही सांगायचं नाहीये.

सून : मग मी सांगते.

वडील : गप्प बस. पाहुणं म्हणून जायचं आणि आपली दुखणी सांगत बसायचं, हे बरं दिसत नाही.

सून : बरं दिसायचं राहू दे! अप्पा, बाबांना गांधीलमाशी सोसत नाही. मागे एकच चावली, तर गळा सुजला, श्वास कोंडला. दवाखाना येईपर्यंत आमच्या तोंडचं पाणी पळालं होतं. त्यांचं इंजेक्शन माझ्या हातात आहे, पण जाळीतून देऊ कसं?

सासरे : अहो! आणि मघापासून तुम्ही 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' करताय?

वडील : त्यात मानही होता हो. पण भीती जास्त होती.

सासरे : सूनबाई, मागच्या बाजूला ये. दार उघडतं.

सून : आणि गंज?

सासरे : गंज माझ्या अकलेला होता. व्याहीबुवा, हे डबे धरा. एकेक, आवाज न करता. आता ही मोडकी खुर्ची.

वडील : एवढे रिकामे डबे कशाला ठेवलेत?

सासरे : लागतात कधीतरी.

वडील : आमच्याकडेही आहेत. अजून कधी लागले नाहीत. आणि हे पोत्याखाली काय? मान दिसतेय कुणाची तरी.

सासरे : ते नका काढू! म्हणजे... काढावंच लागेल म्हणा. दारालाच टेकलंय.

वडील : अहो, हा तर माझा हंस! लग्नात दिलेला, दिव्याचा!

सून : अप्पा! तुम्ही तर म्हणाला होतात, चोच दुरुस्तीला दिलीये!

सासरे : मेलो मी. व्याहीबुवा, काय सांगू तुम्हाला? दिवा लावला की याचे डोळे लाल व्हायचे. रात्री पाणी प्यायला उठलेलं माणूस किंचाळत परत यायचं. म्हणून इथे आणला. आणि तुम्हाला दिसू नये म्हणून दार गंजवलं. तिकडे तुमचा जीव टांगणीला, आणि इकडे मी हंस झाकतोय. शरम वाटते हो मला.

वडील : हळू बोला, माश्या आहेत. एक सांगू का? मलाही तो कुणीतरी दिलेलाच होता. आमच्या माळ्यावर असायचा. मी माळ्यावर जाणंच सोडलं होतं.

सून : बाबा!

वडील : तुझं लग्न ठरलं तेव्हा तुझी आई रडत होती. मी म्हटलं, मुलगी जातेय खरी, पण हंसही जातोय.

सासरे : कडी निघाली! सूनबाई, तिकडून ओढ. बास, आणखी सरकत नाही. एकेकालाच जाता येईल.

वडील : मग आधी...

सासरे : खबरदार! ते वाक्य आता माझं. हे पोतं डोक्यावरून घ्या, गळ्याशी घट्ट धरा. मी तुमच्या मागे आडवा उभा राहतो. धावायचं नाही. निघा.

सून : या बाबा, या. पाय जपून. आलात. मान दाखवा, हात दाखवा. काही नाही ना?

वडील : काही नाही गं. वेडी, रडतेस काय? अहो व्याहीबुवा, या आता!

सासरे : आलो. दार लावून घे गं. अंधार पडल्यावर पोळंवाल्याला बोलव, तोवर इकडे कुणी फिरकायचं नाही. लिंबाएवढं दिसलं तरी यापुढे बोलवायचं.

सून : अप्पा, तुमच्या कानामागे केवढं सुजलंय! कधी चावली?

सासरे : मघाशी. हे दारातून निघत होते तेव्हा.

सून : आणि तुम्ही साधं 'आई गं'सुद्धा म्हणाला नाहीत?

सासरे : म्हटलं असतं तर हे परत आत आले असते. 'आधी तुम्ही' म्हणत.