वास नको म्हणून

भाऊ : तूच सांग, येतोय का वास? हवं तर नाक लादीला टेकव. काल इथे पाऊल ठेववत नव्हतं.

बहीण : दादा, वास येत नाहीये याचीच मला भीती वाटतेय.

भाऊ : घ्या! आला तरी बोंब, गेला तरी बोंब. गोदामात कीटकनाशकाचं पिंप फुटलं, तर म्हटलं सख्खी बहीण असली विषं तोडायचंच काम करते, परक्याला कशाला बोलवा? काल तू औषध पसरून गेलीस, आज सगळं चकाचक. आता कागदावर सही कर. बायका आत बियाण्यांच्या पुड्या भरायला बसायच्यात.

बहीण : ही पट्टी बघ. लादीवर घासलीय. जागा स्वच्छ असती तर एव्हाना निळी झाली असती.

भाऊ : पांढरीशुभ्र आहे. मग चांगलंच की!

बहीण : पांढरी म्हणजे विष आहे. ही चौथी पट्टी. कोपऱ्यात पांढरी, दाराशी पांढरी, जिथे घासावी तिथे पांढरी. काल कॉस्टिक सोड्याचं पाणी पसरून गेले तेव्हा काय बजावलं होतं मी?

भाऊ : चोवीस तास हात लावायचा नाही.

बहीण : आणि किती ठेवलंस?

भाऊ : ठेवलं होतं गं.

बहीण : किती?

भाऊ : तासभर. अगं, पण घाण काय सुटली होती! सडका कांदा, वर नासकी अंडी, वर मेलेला उंदीर. मालक संध्याकाळी पाहुणे घेऊन येणार होते. त्यांना ओकारी आली असती म्हणजे? चार लोकांत माझीच शोभा.

बहीण : अरे, ती घाणच कामाची होती! या विषाला एक सांधा असतो. कॉस्टिकमधला कण त्यावर जाऊन धडकतो, सांधा निखळतो, आणि निखळलेला तुकडा असा घाण मारतो. वास येत होता तोवर विष मरत होतं. तू ते अर्धमेलं सोडलंस.

भाऊ : मी आपलं भरपूर पाणी मारलं, वरून फिनेल टाकलं. मला काय ठाऊक?

बहीण : सांगून गेले होते. वास सुटेल, घाबरू नकोस, हे एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहून दारावर चिकटवलं होतं.

भाऊ : तो कागद काढला मी. पाहुण्यांसमोर बरं दिसलं नसतं.

बहीण : शी! किळस येते रे तुझी. असल्या वासात मी दिवसदिवस उभी राहते, मला काही होत नाही. तुझ्यासमोर उभं राहवत नाहीये. एक सांग, पाणी मारलं कुणी?

भाऊ : म्हणजे? सांगितलं ना, मी.

बहीण : तू? मी आल्यापासून उंबऱ्याबाहेर उभा आहेस. आत ये.

भाऊ : इथून दिसतंय की सगळं.

बहीण : आत ये, दादा.

भाऊ : बायकांना सांगितलं होतं. तुझी माणसं बोलावत बसलो असतो तर पाहुणे येऊन गेले असते.

बहीण : कुठल्या बायकांना?

भाऊ : याच, पुड्या भरणाऱ्या. काल तिघींनी पाणी मारलं, आणि आज सकाळी हिने पुसून काढलं.

बहीण : वहिनींनी? कशाने?

भाऊ : फडक्याने. गुडघ्यांवर बसून. तुला माहितीये, हिला अर्धवट काम खपत नाही.

(वहिनी दाराची चौकट धरून उभी राहते.)

वहिनी : वन्सं, झाली का सही? बायका ताटकळल्यात बाहेर. आणि दिवा तरी लावा हो, अंधारात कसल्या पुड्या बांधायच्या?

बहीण : वहिनी, लख्ख ऊन आलंय आत.

वहिनी : असेल बाई. मला मघापासून सगळं अंधारूनच दिसतंय. तोंडाला सारखं पाणी सुटतंय, मळमळतंय. यांना म्हटलं, तर म्हणाले फिनेल चढलं असेल.

बहीण : माझ्याकडे बघा. अहो, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्यात! दादा, गाडी काढ. दवाखान्यात फोन कर, कीटकनाशक अंगात भिनलंय म्हणून सांग. त्या तिघींनाही घे. वहिनी, हे कपडे आत्ताच्या आत्ता उतरवायचे, साबणाने अंग धुवायचं.

वहिनी : अगंबाई, एवढं काय झालंय?

भाऊ : काही नाही, काही नाही. ये, मी धरतो तुला.

बहीण : उघड्या हातांनी धरू नकोस त्यांना!

भाऊ : हां, थांब. माझ्या कपाटात रबरी हातमोजे आहेत, आलोच घेऊन.

वहिनी : हातमोजे होते होय आपल्याकडे?