तेरा मिनिटं

२००६ सालची गोष्ट. केंब्रिजच्या बसस्टॉपवर दीनानाथांना मागून मराठी ऐकू आलं. एक तरुण आणि एक तरुणी, गळ्यात ऑफिसचे बॅज.

"यतीन, शहरातून त्या गावात अँब्युलन्स पोचायला आपलं सॉफ्टवेअर तेरा मिनिटं दाखवतंय. काल मी स्वतः गाडी चालवत गेले. बावीस लागली."

"ट्रॅफिक असेल."

"रेल्वेचं फाटक बंद होतं. सॉफ्टवेअरला रस्ता कळतो, फाटक कळत नाही."

"ऋजुता, चार वाजता रिपोर्ट द्यायचाय. आता सगळे रूट्स परत रन करायचे?"

"आपले आकडे बघून अँब्युलन्स सेवावाले त्या गावातलं स्टेशन बंद करणार आहेत."

"एक फाटक गं! असं कितीदा बंद होत असेल?"

"तासाला पाच वेळा," दीनानाथ वळून म्हणाले.

दोघं दचकली. "काका, तुम्ही...?"

"स्टेशन बंद होणारं ते गाव माझंच. मी फाटकापलीकडेच राहतो. मार्चमध्ये गावातली अँब्युलन्स दुसऱ्या पेशंटकडे गेली होती, म्हणून शहरातून आली. फाटकाशी थांबली. तिचा निळा दिवा मला खिडकीतून दिसत होता. बायकोचा हात माझ्या हातात होता."

बस आली. यतीनने मोबाइल काढला आणि रिपोर्ट आज होणार नाही असं ऑफिसला कळवलं. मग हळूच विचारलं, "काका, ही बस त्या फाटकावरून जाते का?"