डबीवर न लिहिलेले मूठभर शेंगदाणे

वहिनी, साहेबांची लेकरं, आणि जमलेल्या मंडळींनो,

एरवी माझ्या हातातला माइक काढून घ्यावा लागतो. आज तोच जड झालाय. मध्येच थांबलो तर सांभाळून घ्या.

रणवरे साहेब अन्न सुरक्षा अधिकारी. आपल्या भाषेत फूड इन्स्पेक्टर. अशा माणसाच्या शोकसभेला एवढे मसालेवाले, एवढे मिठाईवाले आपणहून आलेत! फूड इन्स्पेक्टर दिसला की शटर ओढणारी माणसं आपण. हसा, हसा. साहेबही हसले असते.

मी सांगवीचा. इंदापूरच्या आठवडी बाजारात चटणीची पातेली मांडून बसायचो. शिक्षण बेताचं, पण कान तिखट. गिऱ्हाईक तोंडावर "छान" म्हणतं आणि दोन पावलं पुढं गेलं की बायकोला खरं सांगतं. ते दोन पावलांवरचं ऐकून मी धंदा शिकलो. पुढं पोरीनं चटण्या मोबाइलवर विकायला ठेवल्या. नागपूर, बेंगळुरू, कुठून कुठून मागणी. माझे पाय जमिनीवर राहिले नाहीत.

आणि एका सकाळी साहेब दारात. हातात माझीच जवसाच्या चटणीची डबी. साध्या गिऱ्हाइकासारखी त्यांच्या जळोचीच्या घरी मागवलेली, भाकरीबरोबर खाल्लेली.

"तात्या, यात शेंगदाणा आहे?"

"न्हाय साहेब. वाचा की. जवस, लसूण, मिरची, जिरं, मीठ."

"आमच्या घरात म्हणतात, आहे."

वहिनी, ती जीभ तुमची! मी शपथ घ्यायच्या बेतात होतो, तेवढ्यात आतून आमची कारभारीण म्हणाली, "मूठभर तर हाय. चटणी मिळून यायला. त्याला काय घालणं म्हणत्यात व्हय?"

मंडळी, तुमच्याही घरी ती मूठ पडते. आपल्याकडं शेंगदाणा कुणी मोजतं का? तो असतोच.

साहेब ओट्यावर बसले. म्हणाले, काहींना त्यातल्या एका दाण्यानं घसा सुजतो, श्वास अडकतो. बाजारात माणूस तुम्हाला विचारतो, तुम्ही सांगता. मोबाइलवर कोण कुणाला विचारणार? तिथं डबीवर लिहिलंय तेच तुमचं तोंड.

मग म्हणाले, "ही चटणी आजपासून बंद. आणि ज्यांना ज्यांना गेलीय, त्या सगळ्यांना फोन लावा."

मी हात जोडले. "साहेब, नोटीस द्या, दंड करा. पण फोन नको. आत्ता कुठं चार लोकं नावानं वळखायला लागल्यात. नाव जाईल माझं."

"नोटीस देणारच आहे. आधी फोन."

लावले. साहेब शेजारी बसून. लोक हसायचे. "अहो, शेंगदाण्यानं काय होतंय?" एक आजोबा म्हणाले, "आणखी दोन डब्या पाठवा, मूठ जरा मोठी घाला." साहेबांनाही हसू आवरेना.

पण एक फोन लागेना. पुण्याच्या एक बाई. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. मी म्हणालो, "सोडा साहेब. एवढ्यांना कुठं काय झालं?" तिसऱ्या दिवशी साहेब पुन्हा येऊन बसले. "लावा."

लागला. बाई म्हणाल्या, "माहेरी आलेय, इथं रेंज नसते. डबी पुण्यातच आहे, फोडलेली नाही." मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "माझ्या मुलीला शेंगदाणा चालत नाही. म्हणून तर तुमची यादी वाचून मागवली होती."

वाचून मागवली होती, मंडळी. माझ्या शब्दावर विश्वास ठेवून. इतकी वर्षं बाजारात किती जणांचं किती ऐकलं, शिव्याही ऐकल्या. पण असं कुणी बोललं नव्हतं.

साहेबांनी माझ्या हातातला फोन घेतला आणि म्हणाले, "ताई, ती डबी टाकून द्या. तुम्ही फोन उचललात, फार बरं झालं." मग नोटीस लिहायला घेतली. एक ओळ कमी केली नाही!

निवृत्त झाले तरी हे काम सुटलं नाही. घरून लाडू-चटण्या विकणाऱ्या बायका जळोचीला जायच्या, आणि साहेब डबीवरची यादी लिहून घेताना विचारत राहायचे, "अजून काय घालता? आठवा. सवयीनं काय पडतं?" कन्हेरीच्या एक ताई वैतागून म्हणाल्या होत्या, "साहेब, आता फक्त हातातल्या बांगड्याच घालायच्या राह्यल्या!" त्या ताई आज पहिल्या रांगेत बसून डोळे पुसताहेत.

आता श्रद्धांजलीला एक मिनिट उभं राहू. या एका मिनिटात प्रत्येक विकणाऱ्यानं आपली एक तरी डबी डोळ्यांपुढं आणावी. काही लिहायचं राहिलं असेल तर दारात येऊन विचारणारा माणूस आता उरला नाही. आठवलं, तर मांडवातून बाहेर पडताच त्या त्या घरी कळवा. गिऱ्हाईक रागावेल. रागावू द्या.

साहेब, सांगवीच्या तात्याचा नमस्कार घ्या.