संद्याचं तंगडं

एक ध्यानात ठेवा, दोस्तावर जर्मनमध्ये प्रेम करायचं न्हाय.

राजारामपुरीत मी जर्मनचा क्लास लावलेला. मॅडम म्हणाल्या, "नेटवरच्या मैत्रीच्या साइटवर रोज दोन ओळी लिहा, हात बसतो." तिथं मार्टिनाबाई भेटल्या. तिकडं जर्मनीत शिक्षिका. माझ्या चुका काढायच्या. त्यांच्या शाळेत कामाला बोलावल्याचं पत्र त्या पाठवणार होत्या, आणि माझा व्हिसा त्या पत्रावर अडकलेला.

तेवढ्यात माझा दोस्त संद्या क्लासला दांड्या मारायला लागला. मी त्याच साइटवरच्या त्याच्या पानावर, सगळ्या जगाला दिसंल असं, शुद्ध जर्मनमध्ये लिहिलं, "उद्या आला न्हाईस तर तंगडं मोडून हातात देतो."

दुसऱ्या दिवशी संद्या गाडीवरनं घसरून पडला. आणि त्या बेन्यानं प्लास्टरातल्या पायाचा फोटो त्याच पानावर टाकला.

बाईंची एकच ओळ आली. "हे तू केलंस?"

मी घाईघाईनं लिहिलं, "आमच्यात जीव लावलेल्या माणसालाच असं बोलत्यात." उत्तर न्हाय. संद्यानंही लिहिलं, "हा माझ्या भावासारखा हाय." तरी उत्तर न्हाय. आठवडाभर दोघं नेट कॅफेत स्क्रीनकडं बघत बसलो. संद्या खुर्चीवर पाय टाकून म्हणायचा, "गेली रं तुझी जर्मनी, माझ्यामुळं."

शेवटी बाईंचं उत्तर आलं.

"पत्र पाठवलं आहे. सप्टेंबरात आला नाहीस, तर तंगडं मोडून हातात देईन."