पिवळ्या गाडीच्या चोरीबाबत विनोदिनी माहूरकर यांचे म्हणणे

दि. २२ ऑगस्ट २०२५, शुक्रवार, दुपारी १ वाजून १० मिनिटे.

नाव विनोदिनी नरसिंगराव माहूरकर, वय ६१ वर्षे, टपाल खात्यातून सब-पोस्टमास्तर म्हणून निवृत्त, राहणार आदिलाबाद.

कोणी न बोलावता स्वतः ठाण्यात येऊन सांगते की, आमच्या शेडमधली पिवळी, दोन सीटची स्पोर्ट्स कार चोरीस गेल्याची तक्रार आज सकाळी माझे पती नरसिंगराव यांनी दिली. त्यातला चोर मी आहे. देवानंद महादू भोयर, वय ३८, राहणार तलमडुगु मंडल, याला साडेनऊपासून ठाण्यात बसवून ठेवले आहे, त्याने काही चोरलेले नाही. त्याला चारच्या आत गावी पोचायचे आहे. आज पोळा आहे. त्याचा पांढरा बैल दुसऱ्याच्या हाती कासरा गेला की जागचा हलत नाही, म्हणजे देवानंद नसेल तर त्याची जोडी तोरणाखाली जाणारच नाही.

गाडी आमचा मुलगा हेरंब याची. तो फेब्रुवारीत नोकरीसाठी जर्मनीला गेला. माझे पती दर रविवारी ती पुसतात आणि तिला "हेरंबची अमानत" म्हणतात. जूनमध्ये मी हेरंबला विचारले. त्याने लिहिले, "चालव की आई, पण बाबांना तूच सांग." तो मेसेज मी हवालदार महिपत यांना दाखवला आहे. शिकाऊ परवाना जुलैत काढून शेवयांच्या डब्यात ठेवला होता, तोही सोबत आणला आहे. पतींना मात्र सांगितले नाही.

काऊन नाही सांगितलं, असे हवालदारांनी विचारले. दोन वर्षांपूर्वी माझ्या पतींनी स्वतः ड्रायव्हिंगचा क्लास लावला होता. तिसऱ्या दिवशी शिकवणारा त्यांच्यावर खेकसला आणि क्लास सुटला. तेव्हापासून "या वयात नवं काही डोक्यात शिरत नाही" हे त्यांचे ब्रह्मवाक्य आहे. मला जमले नसते तर ते खरे ठरले असते, आणि जमले तर त्यांना वाईट वाटले असते. हे लिहू नये अशी मी विनंती केली. हवालदार म्हणाले, लिहून झाले, खाडाखोड चालत नाही.

माझे पती साडेपाचला फिरायला जातात आणि पेन्शनर मंडळींत बसून साडेआठला परततात. तेवढ्या वेळात मी एकवीस दिवस शिकले. देवानंद पूर्वी टपालाची गाडी चालवायचा, आता ट्रॅक्टर चालवतो. त्याचा परवाना पक्का आहे. तो दुधाच्या गाडीने पहाटे यायचा, शहराबाहेरपर्यंत तो चालवायचा, पुढे मी. ही गाडी इतकी खाली आहे की आत बसणे म्हणजे पाटावर बसणे. पहिल्या दिवशी मी ती सतरा वेळा बंद पाडली. देवानंद दर वेळी सांगे, "क्लच सोडा म्याडम, आपोआप निघते." सतराव्यांदा तो म्हणाला, "चूक माही हाय. मी तुमाले ट्रॅक्टर शिकवून राह्यलो."

बाराव्या दिवशी तिसरा गिअर नीट पडला, रस्ता मोकळा होता, आणि मी मोठ्याने ओरडले. कशासाठी, असे विचारल्यावरून सांगते की आनंदाने. अडतीस वर्षे माझ्या हातून जिल्हाभर टपाल गेले, मी आपली खुर्चीत बसून.

आज पावणेसातला देवानंदच्या गावाच्या उतारावर समोरून अंघोळ घातलेले बैल आले. मी घाबरून ब्रेकऐवजी क्लच दाबला. गाडी मोकळी सुटली, देवानंदची आई जयवंताबाई यांच्या कपाशीत शिरली आणि धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, पोट टेकून बसली. बैलांना किंवा आम्हाला लागले नाही. कपाशीची काही झाडे मोडली, त्याबद्दल जयवंताबाईंची तक्रार नाही.

मी म्हटले, बैल जुंपा, नाहीतर ट्रॅक्टर लावा. जयवंताबाई म्हणाल्या, "आज बैलाच्या खांद्यावर जू नाही ठेवत, बाई. ट्रॅक्टरलेही हार घातला, त्यालेही सुट्टी. पोळा बैलाचा हाय, माणसाचा नाही. माणसं वढतीन." मग अकरा जणांनी दोर खांद्यावर घेतला, सगळ्यात पुढे जयवंताबाई. मी आत बसून पहिला गिअर टाकला. गाडी निघाली आणि बंद पडली नाही, याची नोंद घ्यावी.

पतींच्या आधी घरी पोचावे म्हणून मी ऑटोने पुढे आले. चिखल धुऊन गाडी मागून आणायचे देवानंदने कबूल केले. पण सणामुळे पेन्शनर मंडळी लवकर उठली होती. माझे पती सव्वासातलाच परतले, शेड रिकामे दिसले, मी सणाच्या खरेदीला गेले असेन असे त्यांना वाटले, जर्मनीत हेरंब झोपेत, म्हणून ते तडक ठाण्यात आले. नाक्यावर देवानंद गाडीसह सापडला. इकडे त्याचा फोन लागेना, माझे पुरण करपले. साडेबाराला पती घरी आले आणि चोर सापडल्याचे त्यांनी खुशीत सांगितले. नाव ऐकले आणि मी तशीच निघाले.

देवानंदने इथे "मीच नेली" एवढेच सांगितले असे समजते. ह्यांना कळू देऊ नको, असे मी त्याला पहिल्या दिवशी म्हटले होते. माझ्या एका वाक्यासाठी तो चोर व्हायला तयार झाला, याची मला लाज वाटते. लपवाछपवी माझी आहे. जो काही ठपका ठेवायचा तो माझ्यावर ठेवावा आणि त्याला आत्ता सोडावे.

हवालदारांनी हे सर्व मोठ्याने वाचून दाखवले. मी बोलले तसेच उतरले आहे. वाचन चालू असताना माझे पती दाराशी उभे होते, क्लासबद्दलचे वाक्यही त्यांनी ऐकले. त्यांनी तक्रार मागे घेतली असून देवानंदला सोडले आहे. आता दोन वाजले आहेत. दुपारनंतर तिकडे ऑटो नाही, म्हणून त्याला मीच गाडीने पोचवणार, परवानेवाला म्हणून तो शेजारी बसेल. त्यावर माझे पती जे बोलले तेही जोडावे असे मी सांगितले. ते म्हणाले, "मी स्कूटरवर पुढे राहतो. रस्त्यात बैल दिसले की हात वर करीन. तू माझ्यामागून ये."

सही,
विनोदिनी न. माहूरकर